घाटाची जीप आणि फंडाचे पैसे



घरात पहिली चारचाकी येणार, ही गोष्ट आपल्यासारख्या कुटुंबांत लग्नाइतकीच मोठी असते. बैठक भरते, हिशेब मांडला जातो, कोणी रुसते, कोणी समजूत काढते. आमच्या थोरल्या दादांच्या घरी अशीच बैठक भरली होती. दादा पालिकेतून निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले आणि पुतण्याने जाहीर केले, "काका, मी जीप बघून ठेवलीय. जुनी आहे, पण फोर बाय फोर आहे."

वहिनी पदर खोचून माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्हीच सांगा याला. घर गळतंय, पोरीचं शिक्षण राहिलंय, आणि याला जीप सुचतेय."

पण पुतण्याचे म्हणणे उगाच नव्हते. आमचे गाव महाड तालुक्यात, वरंध घाटाच्या अंगाला. डांबरी रस्ता संपल्यावर वाडीपर्यंत तीन किलोमीटर लाल मातीचा चढ आहे. उन्हाळ्यात त्यावर रिक्षाही चढते. पावसाळ्यात माणूस चालताना घसरतो. एका जुलैत रात्री आईच्या छातीत दुखू लागले. १०८ ची रुग्णवाहिका खाली डांबरीवर येऊन उभी राहिली, वर काही येऊ शकली नाही. चार पोरांनी डोली करून आईला चिखलातून खाली आणले. आई वाचली. त्या चार पोरांत पुतण्या होता. ते तीन किलोमीटर तो विसरलेला नाही, आणि आई काही वाडी सोडायला तयार नाही.

तेव्हा गाडी हवी की नको हा प्रश्न त्या रात्रीच सुटला होता. कोणती घ्यायची आणि कशी पारखायची, एवढेच उरले होते. सहा लाखांवर एक रुपया जायचा नाही, असे वहिनींनी बजावले. आम्ही तीन जीपा पाहिल्या. आमच्याबरोबर एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री होते. त्या तीन जीपांनी जे शिकवले ते आज सांगतो. आपल्या वाचकांपैकी अनेकांची गावे अशीच डोंगरात आहेत.

पहिली जीप महामार्गावरच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे होती. लाल थार, रुंद टायर, टपावर दिव्यांची माळ, पुढे लोखंडी बंपर, मागे ठळक अक्षरांत "४×४". पुतण्याचे डोळे चमकले. मिस्त्रींनी दार उघडून आत नजर टाकली आणि हसले. "गिअरचा एकच दांडा आहे. दुसरा कुठाय?"

इथे थोडे समजून घेऊ. चारही चाकांना जोर देणाऱ्या अशा गाडीत नेहमीच्या गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक छोटा दांडा असतो. त्याने इंजिनचा जोर पुढच्या चाकांनाही जोडता येतो. त्याच दांड्याने 'लो' घातला की गाडी अगदी सावकाश पण फार मोठ्या जोराने चढते. थार २०१० साली आली तेव्हापासून तिचे दोन चाकांचे स्वस्त मॉडेलही होते. २०२० च्या नव्या थारमध्येही २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारा प्रकार मिळू लागला. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. चिकटपट्टीची अक्षरे पन्नास रुपयांत मिळतात. म्हणून आधी दुसरा दांडा पाहा.

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली. कारखान्यातून निघालेल्या गाडीचा मूळ ढाचा बदलता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. पुढे बसवलेल्या लोखंडी बंपरविरुद्धही केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवले होते. सजवलेली जीप म्हणजे दंडाची पावती आणि विम्याच्या वेळी वाद. "जेवढा शृंगार जास्त, तेवढी आत जास्त बघा," असे मिस्त्री म्हणाले. आम्ही पुढे निघालो.

दुसरी होती जिप्सी. मारुतीची ही गाडी डिसेंबर १९८५ मध्ये आली. आधी इंजिन ९७० सीसीचे होते, १९९६ पासून १३०० सीसीचे आले. वजनाने हलकी, अंगाने अरुंद, वाडीच्या वाटेला अगदी मापाची. तिला दोष दोन. पेट्रोल फार पिते, आणि एअरबॅग वगैरे सुरक्षेची साधने तिच्यात नाहीत. नव्या जिप्सी विकणे बंद झाले तरी जुन्यांना मागणी आहे, त्यामुळे भावही चढा.

ही जिप्सी दिसायला देखणी आणि भाव मात्र कमी. मिस्त्रींना तिथेच शंका आली. त्यांनी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या वितीवर मातकट रेघ होती. मग पायाखालचे मॅटिंग उचलले. खाली बारीक वाळलेला गाळ, सीटच्या रुळांना गंज. गाडी पुरात बुडालेली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पाणी शिरले, तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या. त्यांतल्या किती धुऊनपुसून बाजारात आल्या असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. अशी गाडी वर्षभर नीट चालते, मग वायरिंग कुजते आणि घाटात मध्यरात्री दिवे जातात.

तिसरी जीप साध्या पांढऱ्या रंगाची, २०१६ ची थार. ठिकठिकाणी ओरखडे, टप फाटलेला. अडीच लिटरचे डिझेल इंजिन, १०५ अश्वशक्ती, आणि दुसरा दांडा जागेवर. एका शेतकऱ्याकडे होती. मिस्त्रींनी तिच्यापाशी दोन तास काढले. त्यांचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आधी त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. इंजिन थंड आहे ना, हे पाहिले. विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवतो, कारण थंड इंजिन खरे बोलते. सुरू केल्यावर धूर पाहिला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते. पांढरा धूर सुटतच राहिला तर पाणी आत शिरते आहे. जोर देताना थोडा काळा धूर चालतो. मग चालू इंजिनवर ऑइलचे झाकण उघडले. तिथून जोराने वाफ फेकली गेली तर इंजिनचे काम निघणार. थंड असतानाच रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग आहे का, तेही पाहिले होते. घाटात गाडी तापते ती इथूनच.

नंतर ते चटई घालून गाडीखाली शिरले. चासीवर नवी वेल्डिंग आहे का, पाटे तुटलेले आहेत का, गिअर पेटी आणि दोन्ही डिफरन्शियलमधून तेल गळते का, हे पाहिले. चासीवर ठोकलेला नंबर पुतण्याने आर.सी. बुकाशी एकेक अक्षर जुळवून वाचला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१९ असे असेल तर तो टायर २०१९ च्या ३२ व्या आठवड्यातला. नक्षी चांगली असली तरी जुना टायर कडक होतो आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही. चारही टायर एकाच मापाचे हवेत, नाहीतर चार चाकांच्या यंत्रणेवर ताण येतो.

मग खरी परीक्षा. शेताच्या कच्च्या चढावर मिस्त्रींनी दुसरा दांडा 'लो'वर घेतला, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडून दिला. अॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी मुंगीसारखी वर चढली. पुतण्या बाहेर उभा राहून पुढची चाके ओढतात का, हे पाहत होता. विकत घेण्यापूर्वी ही परीक्षा मातीवरच घ्यावी. कोरड्या डांबरावर चारही चाकांना जोर देऊन वळण घेतले, तर पुढच्या-मागच्या चाकांचे अंतर वेगवेगळे पडते आणि आतले दात तणावतात. अशाने यंत्रणा तुटते. चिखल, वाळू, सुटी खडी यांसाठीच तो दांडा आहे.

गाडी पसंत पडली. भाव पाच लाख साठ हजारांवर ठरला. शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, "उद्या रोख द्या आणि घेऊन जा. कागद मागाहून करू."

पुतण्याने होकारार्थी मान हलवलीच होती. तेवढ्यात वहिनींनी आर.सी. बुक हातात घेतले. शिक्षण सातवीपर्यंत, पण वाचतात नीट. "यावर बँकेचं नाव कशाला आहे?" त्यांनी विचारले.

सगळे गप्प झाले. गाडीवर कर्जाचा बोजा होता आणि चार हप्ते बाकी होते. शेतकऱ्याची लबाडी नव्हती. आमचे पैसे घेऊन हप्ते भरू, असा त्याचा साधा विचार होता. पण पैसे दिले आणि मध्येच काही बिनसले असते, तर बँकेने गाडी आमच्या दारातून उचलून नेली असती. वहिनी म्हणाल्या, "बत्तीस वर्षं यांनी ऊन-पाऊस न बघता नोकरी केली, त्याचा हा पैसा आहे. कागद आधी. पैसे मागनं."

मग दादा शेतकऱ्याबरोबर बँकेत गेले. उरलेले हप्ते थेट बँकेत भरले आणि तशी पावती करून तेवढी रक्कम सौद्यातून वजा केली. बँकेचा ना-हरकत दाखला आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ मिळाला. विक्रीचे नमुने २९ आणि ३० भरून आर.टी.ओ.कडे गेले. परजिल्ह्यातली किंवा परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला, नमुना २८, लागतो. परराज्यातल्या गाडीला इथला रस्ता कर पुन्हा भरावा लागतो. दिल्लीकडची डिझेल गाडी स्वस्त वाटते, तेव्हा हा खर्च आधी मिळवून पाहावा. जुने दंड, म्हणजे ई-चलने, थकलेली नाहीत ना, तेही पाहावे.

विमाही नावावर करून घ्यावा लागतो. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवावे. नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळताना अडचण येते. आणि जे वाचक आपली गाडी विकतात त्यांनीही जपावे. नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. विकली म्हणून सुटलो, असे होत नाही.

आयुष्याचाही हिशेब करावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. २०१६ ची गाडी २०३१ पर्यंत. त्यानंतर तपासणी, पाच वर्षांची नवी नोंदणी आणि पर्यावरण कर. त्या नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे.

पुतण्याच्या मनात आणखी एक बेत होता. आठवडी बाजाराच्या दिवशी वाडीची माणसे भाड्याने नेऊन खर्च भागवायचा. त्याला मी स्पष्ट सांगितले. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडे घेऊन माणसे नेणे कायद्याने चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि ज्यांना पोहोचवायला निघालो त्यांच्याच घरी आपण तोंड दाखवू शकत नाही. त्यातून या जुन्या थारची मागची आसने आडवी, समोरासमोर. तिथे दाटीवाटीने माणसे बसवणे धोक्याचेच. लहान मुलांना तर पुढे तोंड असलेल्या आसनावर, पट्टा लावूनच बसवावे.

आता शेवटचे, आणि सर्वांत महत्त्वाचे. चार चाकांचा जोर गाडी चढवतो. तिला थांबवायला मात्र मदत करत नाही. ब्रेक प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतातच. म्हणून जीपवाल्याने उतारावर जास्त जपावे. ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे पुष्कळ आहेत. ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही, आणि मग दरीच थांबवते. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, असा नियमच आहे.

जीप घरी आली तेव्हा वहिनींनी एक वही घातली. त्यात पहिल्या पानावर चाळीस हजार रुपये लिहिले आहेत. सौद्यातून वाचलेले ते पैसे गाडीच्या कामासाठी बाजूला ठेवले. त्यांतले अकरा हजार पहिल्याच महिन्यात क्लच प्लेटला गेले. जुनी गाडी घेताना ही रक्कम किमतीतच धरावी. सगळे पैसे सौद्यात घालणारा माणूस पहिल्या बिघाडाला सावकाराच्या दारात उभा राहतो.

या पावसाळ्यात वाडीतल्या एका लेकराला अपरात्री ताप चढला. पुतण्या तेव्हा सुट्टीवर गावीच होता. त्याने 'लो' टाकून जीप सावकाश खाली उतरवली. रुग्णवाहिका डांबरीवर वाट पाहत होती. लेकराच्या बापाने खिशात हात घातला. पुतण्या म्हणाला, "दादा, भाडं घ्यायला काकांनी मनाई केलीय."

आई ओटीवर बसून होती. दुसऱ्या दिवशी मला फोनवर म्हणाली, "पोरा, ती पांढरी गाडी बरी हाय. आवाज लय करते, पण येते."

तेव्हा बंधू-भगिनींनो, जीप जरूर घ्या. फक्त पारखायला एक जाणता मिस्त्री बरोबर न्या, आणि कागद वाचायला घरातल्या बाईला पुढे करा.