एक किल्ला तरफदाराला, बाकीचे सुलतानाला

माहूरला आपण रेणुकामातेचं दर्शन घेतो आणि किल्ल्याकडे लांबूनच बघून परत फिरतो. उदगीरच्या वर्गात मीही त्याची गोष्ट सोडून सरदारांना वेसण घालणारा राजा म्हणून वर्षानुवर्षं इंग्लंडचा सातवा हेन्री शिकवला. तो १४८५ मध्ये गादीवर आला. त्याआधीच शेजारच्या बीदरमधून बहमनी सुलतानाचा वजीर महमूद गावान याने हाच डाव मांडला होता, तोही आपल्या मुलखात.

बहमनी राज्याच्या चार तरफा (प्रांत) होत्या, गावानने आठ केल्या. वऱ्हाडचे दोन तुकडे झाले, गाविल आणि माहूर. तरफदाराकडे किल्ला एकच. बाकीच्यांवर किल्लेदार थेट सुलतानाचे. मला सर्वांत पटते ती कपात: पाचशे स्वारांचा पैसा घेऊन चारशेच उभे केले, तर शंभरांचा पैसा परत. (हजेरीपटावरची खोटी नावं आजचीच समजू नका.)

हेन्रीनेही सरदारांकडून जामीनखतं लिहून घेतली. बेकायदा माणसं बाळगली म्हणून १५०७ मध्ये लॉर्ड बर्गेव्हेनीला ७०,००० पौंडांहून अधिक दंड ठोकला. पण हेन्री स्वतः राजा होता, गावान चाकर. दुखावलेल्या सरदारांनी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवला, त्यावर ओडिशाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहिलं आणि दारूच्या धुंदीतल्या सुलतानाने १४८१ मध्ये त्याचं डोकं उडवलं. सरदारांनी घडी मोडली म्हणतात. माझ्या मते ती एका माणसाच्या भरवशावरच उभी होती. दहा वर्षांच्या आत वऱ्हाड, अहमदनगर, विजापूर वेगळे झाले.