मशीन ठोकली, आता पगार कापणार? सीएनसी क्रॅशचं वऱ्हाडी गणित

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. चर्चा झाली ती ग्रॅच्युइटीची आणि हातात येणाऱ्या पगाराची. पण अमरावतीच्या सातुर्णा किंवा अकोल्याच्या शिवणी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर उभ्या असणाऱ्या, किंवा आयटीआय करून उद्या तिथं जाणाऱ्या पोट्ट्यांसाठी वेतन संहितेतला एक छोटा भाग जास्त कामाचा आहे. कामावर नुकसान झालं तर मालक पगारातून कधी आणि किती कापू शकतो, हे त्यात सांगितलंय. कायद्याकडे येऊच, पण आधी नुकसान होतं कसं ते बघू.

क्रॅश म्हणजे काय?

फिरणारं टूल, त्याचा होल्डर किंवा स्पिंडल जिथं जायला नको तिथं जाऊन आदळतं. जॉबवर, व्हाइसवर, क्लॅम्पवर, कधी थेट टेबलवर. शॉपमध्ये याला सरळ ‘मशीन ठोकली’ म्हणतात.

मशीनला डोळे नसतात, हे आधी डोक्यात पक्कं करा. समोर क्लॅम्प आहे हे तिला दिसत नाही. तिला कळतात फक्त आकडे: जॉबचा शून्य बिंदू कुठे, टूल किती लांब आणि प्रोग्रॅममध्ये काय लिहिलंय. यातला एक आकडा चुकला की ती तितक्याच विश्वासानं चुकीच्या जागी जाते.

समजा टूल ५ ची लांबी १२० मिमी आहे, पण प्रोग्रॅमने चुकून टूल ४ चा ८० मिमीचा ऑफसेट उचलला. मशीनला वाटतं टूल आखूड आहे, म्हणून ती ४० मिमी जास्त खाली येते. जॉबच्या ५ मिमी वर थांबायचं होतं, पण टूल ३५ मिमी आत घुसायला निघतं.

बाकीची कारणंही अशीच साधी असतात. जॉब बदलला, पण जी-५४ मधला जुना शून्य तसाच राहिला. बऱ्याच कंट्रोलवर ५० नंतर दशांश चिन्ह विसरलं तर ते ५० मिमीऐवजी ५० मायक्रॉन वाचलं जातं. किंवा प्रोग्रॅम मधूनच सुरू केला आणि वरच्या ओळींतला ऑफसेट लागूच झाला नाही.

‘इमर्जन्सी दाबू ना!’

नवीन ऑपरेटरचा सगळा भरवसा त्या लाल बटणावर असतो. जरा हिशोब करा. आजच्या साध्या व्हीएमसीचाही रॅपिड वेग मिनिटाला ३० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला ५०० मिमी. डोळ्यानं बघून बोट हलायला पाव सेकंद धरला, तरी टूल तोवर १२५ मिमी गेलेलं असतं. टूल आणि जॉबमध्ये तेवढी जागा असतेच कुठे?

रॅपिड ओव्हरराइड २५ टक्क्यांवर ठेवला तर त्याच पाव सेकंदात ते साधारण ३१ मिमी जातं. म्हणून क्रॅश टाळायचं काम सायकल स्टार्टच्या आधी होतं:

• स्क्रीनवर टूलपाथ बघा. पण क्लॅम्प आणि व्हाइस तिथं सहसा दिसत नाहीत, हे लक्षात ठेवा.
• टूल नंबर आणि ऑफसेट नंबर बोट ठेवून जुळवा.
• पहिला पीस सिंगल ब्लॉकवर, रॅपिड कमी ठेवून आणि फीड होल्डवर बोट ठेवून चालवा.
• टूल जॉबजवळ आलं की थांबवा. स्क्रीनवर ‘अजून किती अंतर बाकी’ दिसतं. तिथं ६० मिमी लिहिलंय आणि डोळ्याला १५ मिमीच जागा दिसतेय? मग पुढे जाऊ नका.

वऱ्हाडात धोका जास्त का?

हे माझं विश्लेषण आहे, पटतंय का बघा. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात एकच प्रोग्रॅम हजारो वेळा चालतो. आपल्याकडची गिऱ्हाइकं वेगळी आहेत: जिनिंग-प्रेसिंग, डाळ मिल, ऑइल मिल, शेतीची अवजारं. एखादा गिअर मोडला, एखादा हाउसिंग बनवायचाय. दोन नग, चार नग, की पुढचा जॉब. नवीन जॉब म्हणजे नवीन सेटिंग, आणि क्रॅशचा सर्वांत मोठा धोका पहिल्या पीसलाच असतो. म्हणजे इथला ऑपरेटर रोज तो धोका घेतो. त्यात छोट्या शॉपमध्ये एकच मशीन, तीही कर्जावर. सर्व्हिस इंजिनिअर नागपूर किंवा पुण्याहून येईपर्यंत सगळं ठप्प.

ठोकलीच तर?

थांबवा. माणसं ठीक आहेत ना ते बघा. मग रिसेट दाबायच्या आधी खिशातला मोबाईल काढा आणि अलार्म, प्रोग्रॅमची ओळ, पोझिशन आणि ऑफसेट पेज यांचे फोटो घ्या. रिसेटनंतर यातलं बरंच काही पुसलं जातं.

लगेच होमला पाठवू नका. टूल अडकलेलं असेल तर दुसरा क्रॅश तिथंच होतो. हँडल मोडमध्ये, सर्वांत लहान स्टेपवर, टूल ज्या दिशेनं सुटेल त्याच दिशेनं काढा. सुटत नसेल तर आधी क्लॅम्प सैल करा.

मग तपासणी. ठोकलेला होल्डर आणि पुल स्टड बाजूला ठेवा, परत लावू नका. स्पिंडलचा टेपर पुसून टेस्ट बार लावा आणि डायलने रनआउट बघा. व्हाइस सरकलाय का तेही डायलने बघा आणि शून्य नव्याने घ्या. स्पिंडल कमी आरपीएमवर फिरवून आवाज ऐका. शेवटी एक टेस्ट पीस कापून मोजा. आवाज बदललाय किंवा माप हलतंय? मग सर्व्हिसवाल्याला बोलवा.

पैसे कोण भरणार?

वेतन संहितेनुसार, कामगाराच्या ताब्यात दिलेल्या वस्तूचं नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालं असेल, तरच कपात करता येते. त्याआधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. कपात नुकसानीपेक्षा जास्त नको, आणि सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या पगाराच्या ५० टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत. म्हणणं मांडायची अट १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही होती. कागदावर संरक्षण जुनंच आहे, पण ते किती जणांना माहीत असतं?

आणि चूक नेमकी कोणाची? प्रोग्रॅम एकानं लिहिला, सेटिंग दुसऱ्यानं केलं, बटण तिसऱ्यानं दाबलं. तुम्ही काढलेले फोटो तिथं कामी येतात.

मालकांनाही एक सांगतो. पगार कापायची भीती घातली की पोरं क्रॅश लपवतात. ठोकलेला होल्डर गुपचूप परत लागतो, स्पिंडलचं बेअरिंग हळूहळू जातं आणि दोन महिन्यांनी मोठं बिल येतं. सांगितलेला क्रॅश लपवलेल्या क्रॅशपेक्षा नेहमी स्वस्त पडतो.

४ ऑक्टोबर २०२५ ला केंद्रानं ६०,००० कोटींची पीएम-सेतू योजना सुरू केली. तिच्यातून १,००० सरकारी आयटीआय सुधारायच्या आहेत. नवीन मशिनी येतील, चांगलंच आहे. पण माझ्या मते परीक्षेत नुसता जॉब बनवून घेऊ नये. मुद्दाम चुकीचा ऑफसेट टाकलेली मशीन समोर ठेवावी आणि विचारावं: सायकल स्टार्ट दाबायच्या आधी यातली चूक शोध. ज्याला ती सापडते, त्याच्या हातात कोणताही मालक मशीन देईल.