बालकलावंत आणि परवानगी

घरांतील गुणी मुलास चित्रपटांत अगर मालिकेंत काम मिळालें, कीं सारें घर हुरळून जातें. परंतु २०१७ च्या बालकामगार नियमांन्वयें १४ वर्षांखालील मुलासाठीं जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानें काढावयाची असते; ती निघाली कीं नाहीं, हें पालकांनीं अवश्य पाहावें. काम दिवसाकाठीं ५ तासांहून, व विश्रांतीवांचून ३ तासांहून, अधिक नसावें. मिळकतीपैकीं निदान २० टक्के रक्कम मुलाच्या नांवें राष्ट्रीयीकृत बँकेंत मुदतठेव म्हणून ठेवावी लागते. या सर्वांहून मोठी अट मुलाच्या खुषीची. आजोबांची हौस किंवा शेजाऱ्यांची वाहवा म्हणजे मुलाची संमति नव्हे. तेव्हां संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीं, सुज्ञ पालकहो, मुलाला जवळ बसवून विचारा. आणि तें ‘नको’ म्हणालें, तर तोच शब्द अखेरचा समजा.