चार विजयांचा हिशेब

डोंबिवलीचे आमदार रवींद्र चव्हाण यांचे गोडवे गाताना चाहते वर्षे मोजतात : २००९, २०१४, २०१९, २०२४. सलग चार विजय. त्यांत २०१६ चे राज्यमंत्रिपद, २०२२ चे सार्वजनिक बांधकाम खाते व २०२५ चे प्रदेशाध्यक्षपद यांची भर. नगरसेवकपदापासून झालेली ही चढण आम्ही नाकारीत नाही. परंतु दीर्घ कारकीर्द हे मतदारांचे ऋण असते, मिरविण्याचा दागिना नव्हे, एवढेच आमचे म्हणणे.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये भीषण स्फोट झाला. २०२० साली तेथील रस्ता रसायनाने गुलाबी झाला. मे २०२४ मध्ये पुन्हा स्फोट, पुन्हा प्रेते, पुन्हा कारखान्यांच्या स्थलांतराची घोषणा. या आठ वर्षांत मुख्यमंत्री बदलले. डोंबिवलीचा आमदार बदलला नाही. हद्द कोणाची आणि खाते कोणाचे, हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. काचा फुटल्या त्या माणसांच्या घरांच्या! शिवाय २०२० च्या अखेरीपासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेत नगरसेवकच नव्हते. गाऱ्हाणे घेऊन जावे असे जवळचे दार आमदाराचेच उरले होते.

दोष त्या एकट्याचा खचितच नव्हे. कारखाने आधी की वस्ती आधी, हा वाद घालीत आपणच तेथे घरे घेतली आणि मतदानाच्या दिवशी गप्प राहिलो. (आम्हीही त्यांतलेच.) पाचव्यांदा मते मागण्यापूर्वी चव्हाणांनी एक आकडा द्यावा : किती धोकादायक कारखाने प्रत्यक्ष हलले?