वजा म्हणजे शून्य नव्हे



या सदरात आम्ही एरवी रेशनकार्ड, भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज, वीजबिलातील चुका असल्या विषयांवर लिहितो. आज विषय गाणी वाजविण्याच्या यंत्राचा आहे आणि त्यातली चूक दुसऱ्या कोणाची नसून आमची स्वतःची आहे.

आमच्या मजल्यावरचा एक मुलगा आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. वडील पहारेकरी, आई चार घरची धुणीभांडी करते. २०२४ च्या पावसाळ्यात आईची भिशी लागली. त्यातले काही पैसे घेऊन पोराने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक बोर्ड आणला. तळहाताएवढी हिरवी पट्टी, पण काम मोठे. मोबाईलवरचे गाणे वायरीशिवाय घ्यायचे आणि दोन स्पीकर वाजवायचे. स्पीकर त्याने बंद पडलेल्या जुन्या सिस्टीमचे काढले होते. मामाकडून एक सबवूफर मिळाला होता, ढोलकीचा, ढोलाचा खालचा आवाज देणारा तो मोठा खोका. हा खोका 'अ‍ॅक्टिव्ह' होता, म्हणजे त्याच्या पोटात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आणि विजेची स्वतंत्र पिन. त्याला बाहेरून ताकद नको असते, फक्त बारीकसा सिग्नल लागतो. इथेच सगळे रामायण झाले.

पोरगा आम्हांला म्हणाला, "काका, बोर्डाला सबसाठी वेगळं तोंड नाही. स्पीकरच्या तारांवरूनच देऊ का?" आम्ही कधीकाळी सभांचे कर्णे जोडलेले. त्या तोऱ्यात म्हणालो, "दे की! अधिकची तार पिनच्या मधल्या टोकाला, वजाची बाहेरच्या कड्याला. त्यात काय?" त्याने डावीउजवीकडच्या दोन्ही जोड्या तशाच जोडल्या. गाणे लागले, एकदा करकर झाली आणि सगळे गप्प. बोर्डावरचा दिवा मात्र जळत होता. हात लावला तर चटका बसला.

आई काही बोलली नाही. वडील तेवढे म्हणाले, "हे धंदे बंद कर, कंपनीत चिकटायचं बघ." पोराने सगळे सामान गोणीत भरून माळ्यावर टाकले आणि आठ दिवस आमच्याकडे फिरकला नाही. आमच्या आयुष्मती आम्हांला म्हणाल्या, "ठाऊक नव्हतं तर ठाऊक नाही म्हणायचं होतं." याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

शनिवारी अर्धी रजा टाकून आम्ही एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे तो बोर्ड घेऊन गेलो. त्यांनी जे समजावले ते जसे समजले तसे सांगतो.

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरचे काळे टोक बहुधा थेट ग्राउंडला, म्हणजे शून्यावर असे. आताच्या या छोट्या बोर्डांवर मात्र टीपीए ३११६ सारखी चिप असते. ती २६ व्होल्टपर्यंतच्या सप्लायवर चालते. तिच्यात स्पीकरची दोन्ही टोके जिवंत असतात. सप्लाय २४ व्होल्टचा असेल तर गाणे नसतानाही दोन्ही टोकांवर साधारण १२-१२ व्होल्ट असतात. गाणे सुरू झाले की एक वर जाते तेव्हा दुसरे खाली येते आणि स्पीकर त्या दोहोंतल्या फरकावर हलतो. म्हणजे 'वजा' लिहिलेले टोक शून्य नाहीच. सबवूफरच्या मागच्या दोन्ही गोल सॉकेटांची बाहेरची कडी मात्र आत एकाच ग्राउंडला मिळालेली असतात. आम्ही डावा वजा आणि उजवा वजा तिथे नेऊन एकमेकांना भिडवले. चिपला असल्या शॉर्टपासून संरक्षण असते, पण ते दर वेळी वाचवतेच असे नाही.

आम्ही बी.कॉम. झालेलो. वजा रक्कम आणि शून्य शिल्लक यांतला फरक ऑफिसात रोज कारकुनी खात्यांत बघतो. तरी तारेच्या बाबतीत तो सुचला नाही!

मग नव्याने सुरुवात केली. दुसऱ्या बोर्डाचे पैसे आम्ही द्यायला गेलो तर पोराच्या आईने घेतले नाहीत. "भाऊ, चूक दोघांची," असे म्हणून तिने निम्म्यावर तडजोड केली आणि तिचे निम्मे दोन महिन्यांत देईन असे वर आम्हांलाच बजावले. वडिलांची समजूत काढायला आणखी एक रविवार गेला.

या खेपेला स्पीकरच्या तोंडांखेरीज लाइन-आउटची सॉकेटे असलेला बोर्ड घेतला. सबवूफरला जो बारीक सिग्नल लागतो तो इथून मिळतो. लाल-पांढऱ्या पिनांची साधी वायर लाइन-आउटमधून सबच्या लाइन-इनमध्ये गेली आणि काम झाले. जोडताना दोन्हीकडची वीज बंद होती, हे सांगायला नकोच.

काही सबला एकच सॉकेट असते. तिथे पुष्कळ लोक डावा आणि उजवा सिग्नल एका वायरीत नुसता पिळून जोडतात. तसे करू नये, दोन आउटपुट एकमेकांशी झगडतात. प्रत्येक बाजूच्या तारेत एक-एक किलो-ओहमचा रेझिस्टर घालून मग दोन्ही एकत्र करावेत. तेवढी खटपट नको असेल तर एकच बाजू जोडा. बहुतेक गाण्यांत खालचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच असतो, फारसे बिघडत नाही. काही सबवर स्पीकरच्या तारांसाठी स्प्रिंगची वेगळी तोंडे असतात. ती वापरण्याआधी मात्र असल्या बोर्डाला ती चालतात का, हे माहितीपत्रकात पाहा किंवा जाणत्याला विचारा. आम्हांला विचारू नका.

आणखी एक गोष्ट तपासावी. मोबाईलवरून आवाज अगदी कमी करून पाहा. स्पीकर मंदावले आणि सब मात्र पूर्वीसारखाच घुमत राहिला, तर त्या बोर्डाचे लाइन-आउट आवाजाच्या बटणाच्या आधीचे आहे. मग दर वेळी उठून सबचे बटण वेगळे फिरवावे लागेल. घेण्याआधीच दुकानदाराला हे विचारलेले बरे.

आमच्याकडे सगळे जोडल्यावर 'हूंऽऽ' असा सारखा आवाज येऊ लागला. पोराने सबमधून सिग्नलची वायर काढली, आवाज थांबला. म्हणजे दोष सबच्या पोटातला नव्हता, वायरीच्या वाटेने येत होता. बोर्डाचा अ‍ॅडॉप्टर आणि सब वेगवेगळ्या प्लगवर होते, ते एकाच एक्स्टेंशनवर घेतले. सिग्नलची वायर विजेच्या वायरीपासून दूर केली. हूं जवळजवळ गेली. तरीही राहिलीच तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, ती मध्ये घालावी. स्वस्तातली असेल तर ती थोडा खालचा आवाज खाते. पण कोणी म्हणेल, "अर्थिंगची पिन तोडून टाका, हूं जाते," तर त्याचे ऐकू नका. हूं जाईलही, पण खोक्याला कधी करंट उतरला तर तो जमिनीत न जाता हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल. आपल्या घरांत फरशी ओली असते, लेकरे उघड्या पायांनी फिरतात.

सबच्या मागे कट-ऑफचे बटण असते. छोटे स्पीकर असतील तर ८० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान ठेवून कान लावा. शेजारी ० आणि १८० असे फेजचे बटण असेल. ज्या बाजूला खालचा आवाज भरीव लागेल ती बाजू बरोबर. एकाने बटण दाबावे, दुसऱ्याने नेहमी बसतो तिथे बसून ऐकावे.

ब्लूटूथ आणि वाय-फाय यांतही भेद आहे. ब्लूटूथवर गाणे मोबाईलमधूनच जाते, म्हणून मोबाईल घेऊन खाली पाणी भरायला गेले की गाणे तुटते. वाय-फायवर बहुतेक गाण्यांच्या सेवांत बोर्ड स्वतःच इंटरनेटवरून गाणे ओढतो, मोबाईल नुसता हुकूम देतो. बोर्डापासून सबपर्यंत मात्र वायर हवीच, आणि ती असल्यामुळेच सब आणि स्पीकर यांचा ताल सुटत नाही.

सब प्रथम कोपऱ्यात ठेवला होता. कोपऱ्यात तो जास्त घुमतो. पलीकडच्या आजींची खाट त्याच भिंतीला लागून. गाण्याचे शब्द त्यांना ऐकू जात नव्हते, नुसती धडधड जात होती, कारण खालचा आवाज भिंत ओलांडतो. त्या सकाळी येऊन म्हणाल्या, "बाबा रे, माझ्या छातीत होतं की तुझ्या पेटीत, तेच कळेना." ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. पण आजींना डेसिबल काय सांगणार? सब दुसऱ्या भिंतीकडे, जमिनीपासून वेगळा, जाड रबराच्या तुकड्यांवर ठेवला आणि रात्री साडेनऊनंतर तो बंद करायचे ठरले. आता आजीच संध्याकाळी दार ठोठावून जुनी गाणी लावायला सांगतात.

जळालेला बोर्ड पोराने टाकला नाही. मेकॅनिककडे तो आता रविवारी सकाळी बसतो आणि त्या बोर्डावरची चिप बदलायचे त्याचे चालले आहे. त्याच्या आईचा दुसरा हप्ता गेल्या महिन्यात आमच्याकडे पोचला.