खोडायचं नाही, बॉस!

प्रत्येक ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमध्ये एक 'फायनल' नावाची फाइल असते. मग 'फायनल 2'. मग 'फायनल नक्की'. हसू नका, तुमच्याकडेही आहे! या रोगावर सॉफ्टवेअरवाल्यांनी औषध शोधलंय, गिट. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने ते 2005च्या एप्रिलमध्ये लिहायला घेतलं. आज आयटीतलं जवळपास प्रत्येक पोरगं ते रोज वापरतं. पण त्याच्या पोटात काय चालतं विचारा... भलेभले सीनियर चहाला उठतात.

मला ते पोट कळलं बोईसरला, घरच्या सातबाऱ्यावरून. बुलेट ट्रेन इथून जाणार म्हटल्यावर आमच्याकडे ज्याने त्याने ट्रंकेतले कागद बाहेर काढले. आमच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव होतं, पण कंसात. खाली आजी, बाबा, आत्या. बाजूला गोलात एक आकडा.

"हे काय?" मी विचारलं.

"फेरफार नंबर," बाबा म्हणाले. "नाव का बदललं ते तिथे जाऊन वाच."

फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, सगळी कहाणी होती. आजोबा कधी गेले, वारस कोण, नोंद कोणी घेतली, मंजूर कोणी केली. आजोबांच्या नावालाही एक जुना गोल होता, त्याच्या आधीच्या फेरफाराचा. म्हणजे खोडलं कोणालाच नव्हतं. नवी नोंद आली आणि जुनी कंसात गेली, एवढंच.

गिटचा खाक्या हाच. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एक लपलेलं 'डॉट गिट' फोल्डर असतं, ती त्याची वही. फाइलमधला मजकूर तिथे 'ब्लॉब' म्हणून दाबून ठेवला जातो. गंमत म्हणजे ब्लॉबला स्वतःच्या फाइलचं नाव ठाऊक नसतं! ते लिहिलेलं असतं 'ट्री'मध्ये: या फोल्डरात या नावाची फाइल आणि तिचा मजकूर अमुक ब्लॉब. त्यावर 'कमिट': ट्री कुठली, आधीची कमिट कुठली, केलं कोणी, कधी आणि का. झाला फेरफार!

बऱ्याच जणांना वाटतं, गिट फक्त बदललेल्या ओळी साठवतं. तसं नाही. प्रत्येक कमिट म्हणजे पूर्ण प्रोजेक्टचा फोटो. मग डिस्क भरत कशी नाही? जी फाइल बदललीच नाही तिच्यासाठी जुन्याच ब्लॉबकडे बोट दाखवलं जातं. पुढे पसारा वाढला की गिट त्याची गासडी बांधतं, आणि तेव्हा मात्र सारख्या मजकुरातला फरक तेवढा ठेवतं.

आणि ब्रँच? ती तर चाळीस अक्षरांची चिठ्ठी आहे, 'सध्या या कमिटवर आहोत' सांगणारी. हे माहीत असलं की जीव वाचतो. आमच्या डहाणू लोकलमधल्या एका मित्राने वैतरणेला लॅपटॉपवर 'रिसेट हार्ड' मारलं आणि चार दिवसांच्या कमिट गायब! सकाळी क्लायंटला डेमो. केळवे रोडपर्यंत पठ्ठ्याच्या तोंडातून शब्द नाही. पण हलली होती फक्त चिठ्ठी. 'गिट रिफ्लॉग'ने जुना पत्ता सापडला, पालघरला सगळं परत! अर्थात कमिटच केलं नसतं तर रिफ्लॉग तरी काय करणार? शिवाय अशा बेवारस कमिट गिट कायम सांभाळत नाही. नेहमीच्या सेटिंगमध्ये रिफ्लॉग त्यांना साधारण महिनाभर धरून ठेवतो.

एका बाबतीत मात्र गिट वहीच्या पुढे आहे. फेरफाराला नंबर ओळीने मिळतो. मागच्या पानावर कोणी हळूच शाई फिरवली तरी नंबर तोच राहतो. गिटमध्ये नाव मजकुरातूनच निघतं, शा-1 नावाच्या गणिताने, चाळीस अक्षरांचं. एक स्वल्पविराम हलवा, नाव बदललं. कमिटच्या आत आधीच्या कमिटचं नाव असल्यामुळे पुढची सगळी साखळीच बदलते. चोरी लपत नाही! 2017 साली गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी एकाच शा-1 नावाच्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या, तेव्हापासून गिटवाले जास्त मजबूत शा-256 कडे वळू लागलेत.

पण माणूस ओळखण्यात आपला तलाठीच सरस. फेरफाराआधी नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी सही करतो. गिट काहीच विचारत नाही. सेटिंगमध्ये तुमचं नाव टाकून मी खुशाल तुमच्या नावाने कमिट मारू शकतो! म्हणून ज्यांना काळजी आहे त्या टीम कमिटवर डिजिटल सही लावतात.

आणि हो, कधी कोणी डेटाबेसचा पासवर्ड कमिट केला, तर पुढच्या कमिटमध्ये तो पुसून निवांत झोपू नका. जुन्या ब्लॉबमध्ये तो जसाच्या तसा बसलेला असतो. आधी पासवर्ड बदला, इतिहासाची साफसफाई नंतर.