शब्दांचा खेळ आणि अर्थाची साक्ष

खेळ म्हटला की मैदान, चेंडू आणि घाम यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु एक जाडजूड शब्दकोश, कागदाचे चार कपटे आणि तितक्याच पेन्सिली एवढ्या अल्प सामग्रीवर पावसाळ्याची एखादी दुपार आनंदात घालवता येते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. खेळाची रीत सोपी आहे. एकाने शब्दकोश उघडून कोणासही परिचित नसलेला शब्द निवडावा व तो मोठ्याने वाचावा. इतरांनी त्या शब्दाचा आपल्या कल्पनेने एकेक अर्थ रचून कपट्यावर लिहावा. निवडणाऱ्याने खरा अर्थ लिहावा. मग सारे कपटे मिसळून एकामागून एक वाचले जातात आणि खरा अर्थ कोणता, हे प्रत्येकाने सांगावयाचे असते. ज्याने खरा अर्थ ओळखला त्यास गुण. आणि ज्याच्या बनावट अर्थास इतर भुलले, त्यासही गुण!

पाश्चात्त्य देशांत हा खेळ घरोघरी फार दिवसांपासून खेळला जातो. ब्रिटनमध्ये 1965 साली बी.बी.सी.ने याच धर्तीवर ‘कॉल माय ब्लफ’ नावाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू केला, आणि 1984 साली कॅनडात ‘बाल्डरडॅश’ या नावाने तो पेटीबंद होऊन दुकानांत विक्रीस आला. आम्हांस मात्र पेटी विकत आणण्याचे काही कारण नाही. मराठीचे थोर कोश ग्रंथालयांच्या कपाटांत आहेतच. उणीव आहे ती ते उघडणाऱ्या हातांची.

या खेळावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, यात खोटे बोलण्याचे शिक्षण मिळते व त्यास वर गुणही दिले जातात. दुसरा असा की, कोवळ्या मनावर एकदा चुकीचा अर्थ ठसला म्हणजे तो पुसला जात नाही. तेव्हा शाळेत असल्या खेळास थारा देऊ नये. आक्षेप घेणारे गुरुजन आमच्या हिताचाच विचार करतात, यात शंका नाही. तथापि आमचे नम्र मत त्यांच्याहून भिन्न आहे. खोटा अर्थ किती सहजपणे खरा भासतो, याचा अनुभव सुरक्षित जागी, हसत-खेळत देणारे याहून चांगले साधन आमच्या पाहण्यात नाही.

एक उदाहरण घेऊ. ‘देवळी’ हा शब्द पुढे आला असे समजा. कोणी लिहील, ‘लहान देऊळ’. कोणी लिहील, ‘देवळासमोरचा ओटा’. तिसरा अधिक चतुर असेल तर ‘देवळातील घंटेची दोरी’ असे लिहून मोकळा होईल. हे तिन्ही अर्थ ‘देऊळ’ या शब्दाचा हात धरून आलेले असल्यामुळे सभ्य दिसतात. या सर्वांच्या रांगेत ‘भिंतीत दिवा ठेवण्यासाठी केलेला लहान कोनाडा’ हा चौथा अर्थ बिचारा परका वाटतो. आणि खरा अर्थ तोच आहे! ज्याने जुन्या घरात तेलाने काळवंडलेली देवळी पाहिली आहे, तो क्षणभरही भुलणार नाही. ज्याने ती पाहिली नाही, तो कितीही हुशार असला तरी तर्काच्या वाटेने देवळाकडेच जाणार.

याचे कारण आपल्या पूर्वसूरींनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. संस्कृत शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद केले. अवयवांवरून जो अर्थ निघतो तो योग. लोकांच्या वापराने जो अर्थ ठरतो ती रूढी. ‘मंडप’ या शब्दाची फोड केली तर ‘मंड पिणारा’, म्हणजे भाताची पेज पिणारा, असा अर्थ निघतो. परंतु लग्नाच्या मंडपात बसलेल्या कोणाच्याही मनात पेज येत नाही. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश नावाचे दर्भ तोडून आणणारा. आज कुशल कारागिराने दर्भाची काडीही पाहिलेली नसते. ‘पंकज’ म्हणजे चिखलात जन्मलेले. पण चिखलात जन्मणाऱ्या असंख्य वस्तूंपैकी तो मान लोकांनी एका कमळासच दिला. बनावट अर्थ रचणारा खेळाडू नेहमी योगाचा आश्रय घेतो आणि खरा अर्थ बहुधा रूढीच्या घरी राहतो. शब्दाचा अर्थ तर्काने सुचतो, पण तो ठरतो वापरणाऱ्यांच्या साक्षीने. हा सिद्धान्त व्याकरणाच्या पुस्तकात वाचून आम्ही परीक्षेपुरता पाठ करतो. खेळात एकदा फसलो की तो जन्मभर विसरत नाही.

वडोदऱ्यात राहणाऱ्या आम्हा मराठी मुलांस तर याचा प्रत्यय रोज येतो. आमच्या घरात एक भाषा आणि गल्लीत दुसरी. शेजारचा मित्र गुजरातीत ‘हुं नवरो छुं’ असे म्हणतो, तेव्हा तो आपण विवाहित असल्याचे सांगत नसून ‘मला आता काही काम नाही, मी मोकळा आहे’ एवढेच सांगत असतो. केवळ ध्वनीवर विसंबून त्याचा अर्थ लावणारा मराठी पाहुणा चकित होतो, आणि आम्ही हसतो. आम्हांस तो अर्थ कोणत्याही कोशाने शिकवलेला नाही. शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकून तो आम्हांस कळला. उलट, ‘शिंके’ हा शब्द मराठी मुलांस अडला, तर शेजारच्या गुजराती आजीबाई तो चटकन सांगू शकतील. कारण दह्यादुधाची भांडी टांगून ठेवण्याच्या त्या दोऱ्यांच्या जाळीस गुजरातीतही ‘शींकुं’ असेच म्हणतात. साक्षीदार कधी कधी भाषेच्या कुंपणापलीकडेही भेटतो, तो असा.

साक्षीवाचून अर्थ छापला गेला तर काय होते, याचा एक नमुना अमेरिकेत घडला. वेबस्टर यांच्या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या सुविख्यात इंग्रजी कोशासाठी 1931 साली रसायनशास्त्र विभागाच्या संपादकांनी एक चिठ्ठी पाठवली. घनता या अर्थी ‘डी’ हे अक्षर, मोठे किंवा लहान, संक्षेप म्हणून वापरतात, एवढाच तिचा आशय होता. ‘किंवा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द दोन्ही बाजूंच्या अक्षरांस चिकटला, आणि ‘डोर्ड’ असा एक नवाच शब्द जन्मास आला! 1934 साली तो ‘घनता’ या अर्थासह त्या कोशात छापून आला. पुढे 1939 साली एका संपादकांच्या लक्षात आले की या शब्दास व्युत्पत्तीच दिलेली नाही. तपास होऊन तो अखेरीस गाळण्यात आला. पाच वर्षे तो विद्वानांच्या पंक्तीत निर्धास्तपणे बसून होता, कारण त्याच्या अंगावर कोशाचा पोशाख होता. आज तर कोणताही अर्थ छापखान्याचीही वाट न पाहता दूरध्वनीच्या पडद्यावर क्षणात, शुद्ध भाषेत व ठाम स्वरात अवतरतो. अशा वेळी ‘हे सुरेख लिहिले आहे’ आणि ‘हे खरे आहे’ या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे ज्ञान बालवयातच झालेले बरे. खेळातल्या असत्याचा पडदा डाव संपताच सर्वांसमक्ष उघडतो. म्हणून त्याची तुलना फसवणुकीशी करता येत नाही.

हाच खेळ उलट्या बाजूने, आणि मोठ्या गांभीर्याने, आमच्याच नगरीत खेळला गेला आहे. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत 1931 साली वडोदऱ्यास ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली या भाषांतील प्रतिशब्द त्यात शेजारी-शेजारी मांडले आहेत. आमच्या खेळात शब्द हाती असतो व अर्थ शोधावयाचा असतो; त्या पंडितांपुढे अर्थ होता व शब्द शोधावयाचा होता. राजघराणे मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती, अशा राज्यात न्याय व कारभार लोकांना समजेल अशा शब्दांत व्हावा, ही त्यामागील दृष्टी होती. शब्द नेमका नसेल तर सामान्य माणसाचा हक्कही नेमका राहत नाही, हे त्या काळच्या धुरीणांनी ओळखले होते.

महाराष्ट्रातही अशीच तपश्चर्या झाली. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला व त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 साली आली. तीत सुमारे 60,000 शब्द आहेत. दाते व कर्वे यांच्या संपादकत्वाखालील ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड 1932 ते 1938 या काळात प्रसिद्ध झाले आणि पुरवणी 1950 साली आली. त्या पानांवरून डोळा फिरवताना मात्र मन थोडे उदास होते. खेळासाठी ‘कोणास ठाऊक नसलेले’ म्हणून जे शब्द आम्ही निवडतो, ते एके काळी सर्वांस ठाऊक असलेले शब्द होते! ओगराळे, घंगाळ, काथवट, उतरंड, कणगी, तिवडा, पांभर, वळचण, आढे. यांतील एकही शब्द पंडिती नाही. हे स्वयंपाकघराचे, खळ्याचे, शेताचे आणि छपराचे शब्द आहेत. आमच्या पणजीस ते विचारले असते, तर एवढ्या सोप्या प्रश्नाचे तिला हसूच आले असते.

वस्तू गेली की शब्द जाणारच, त्याचा शोक कशासाठी, असे कोणी म्हणेल. सदनिकेस उतरते छप्पर नाही, मग वळचण कोठून येणार? हे खरे आहे, आणि घंगाळात स्नान करण्याचा आग्रह आम्हीही धरीत नाही. पण शब्द एकटा जात नाही. वळचण म्हणजे छपराची खालची कड आणि आढे म्हणजे त्याचा माथा, हे ज्यास ठाऊक नाही, त्यास ‘वळचणीचे पाणी आढ्याला गेले’ ही म्हण म्हणजे चार शब्दांची रास आहे. एका शब्दाबरोबर म्हण जाते, म्हणीबरोबर विनोद जातो, आणि मग आजोबा जे बोलतात ते नातवास ऐकू येते, परंतु पोहोचत नाही. एकाच घरात दोन पिढ्या परस्परांस परक्या होतात, याहून मोठी हानी ती कोणती? कोशात व्याख्या राहील. पण ते शिंके कसे विणीत, ते मांजराच्या उडीच्या टप्प्याबाहेर कसे टांगीत, हे सांगणारा माणूस कोशात राहत नाही. साक्षीदार आहेत तोवरच साक्ष घेता येते.

म्हणून आमची सूचना अशी आहे की, हा खेळ प्रत्येक मराठी शाळेत खेळला जावा. मात्र त्यास तीन नियमांची जोड द्यावी. पहिला नियम, शब्द निवडताना अवघड संस्कृत समासांच्या मागे न लागता घर, शेत आणि कारागिरी यांतील शब्द निवडावेत. दुसरा, डाव संपल्यावर प्रत्येक शब्द एकेका विद्यार्थ्याने घरी न्यावा आणि तो वापरणारे वडीलधारे माणूस शोधून त्याच्या तोंडचे एक वाक्य जसेच्या तसे लिहून आणावे. ते माणूस मांडवीतले असो, दांडिया बाजारातले असो, वा सुटीत भेटणारे कोकणातले वा खानदेशातले असो. शेजारच्या गुजराती घरात तो शब्द सापडला तर तीही नोंद आनंदाने करावी. तिसरा, ही वाक्ये, गावाच्या नावासह, एका वहीत उतरवून ती वही ग्रंथालयात ठेवावी. ज्या शब्दास साक्षीदार मिळाला नाही, त्यापुढील जागा कोरी ठेवावी. ती कोरी जागाही पुढच्या वर्गास काही सांगेल.

यास द्रव्य लागत नाही, परवानगीचे कागद लागत नाहीत. आठवड्यातून एक तास आणि घरातील वृद्धांजवळ बसण्याची थोडी इच्छा एवढेच लागते. पुष्कळ आजी-आजोबांस अलीकडे कोणी काही विचारीत नाही. नातवंडे प्रश्न घेऊन आली तर त्यांस किती आनंद होईल, हे सांगावयास नको. कोश करणाऱ्यांनी आपले काम निष्ठेने केले. आता त्यातील शब्दांस पुन्हा माणसांच्या तोंडी आणून बसवण्याचे काम आमच्या पिढीकडे आले आहे, आणि ते खेळता-खेळता होणार असेल, तर त्यास विलंब का लावावा?